सुट्टीवर आलात की नोकरी सोडून आलात? गल्फमधल्या शिक्षकांसाठी या एका प्रश्नात लाखांचा फरक आहे

जुलै उजाडला की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत दुबई, सौदी, कुवेत, मस्कतहून माणसं येतात. त्यात तिकडच्या भारतीय शाळांत शिकवणाऱ्या आपल्या मुली-सुना आणि मुलंही असतात. गल्फमध्ये जुलै-ऑगस्ट ही उन्हाळी सुट्टी. आपल्याकडे तेव्हा लावणी चालू असते. घरात आई-वडील थकलेले दिसतात, मुलाचं शिक्षण इथंच करू असं वाटतं, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचं बाळंतपण येतं. मग पाऊस बघत चहा घेताना एक वाक्य निघतं, "आता परत नको जायला."

निर्णय चूक की बरोबर, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण तो कुठे बसून घेतला, यावर बरंच अवलंबून असतं. तिथे असताना राजीनामा देऊन, नोटीस भरून, व्हिसा रद्द करून आलेला माणूस आणि सुट्टीचा शिक्का घेऊन आलेला व परत न गेलेला माणूस, दोघेही घरीच आलेले असतात. पण तिथल्या सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये पहिला "नोकरी संपवून गेला" आणि दुसरा "गेला, आलाच नाही" असा नोंदला जातो.

सौदीत दोन शिक्के, दोन अर्थ

सौदीत देश सोडायचे दोन कागद आहेत. एक एक्झिट-रीएंट्री, म्हणजे जाऊन परत येण्याचा. एका फेरीसाठी दोन महिन्यांपर्यंत 200 रियाल फी, पुढे प्रत्येक जादा महिन्याला 100 रियाल. दुसरा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा निरोप. तो फुकट असतो, आणि निघाल्यापासून 60 दिवसांत देश सोडायचा असतो.

एक्झिट-रीएंट्रीवर आलेला माणूस मुदतीत परत गेला नाही, तर त्याच्यावर तीन वर्षं बंदी लागायची. त्या काळात यायचं असेल तर फक्त जुन्या मालकाच्याच नव्या व्हिसावर. जानेवारी 2024 मध्ये ही बंदी उठवल्याच्या बातम्या सौदी वर्तमानपत्रांत आल्या, आणि गल्फच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आता काही टेन्शन नाही" असे मेसेज फिरले.

टेन्शन आहे. बंदी उठली असली तरी पैशाचा नियम तोच आहे.

पैशाचा हिशोब असा बसतो

सौदी कामगार कायद्यात नोकरी संपताना मिळणारा पैसा ठरलेला आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण पगार. स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहा वर्षं झाली की पूर्ण.

समजा एका शिक्षिकेचा शेवटचा पगार 5,000 रियाल आणि नोकरी सहा वर्षं. पूर्ण रक्कम होते 17,500 रियाल. राजीनामा दिला तर त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे साधारण 11,600 रियाल. आपल्या पैशात अडीच लाखांच्या घरात.

आता हीच बाई सुट्टीवर येऊन परत गेलीच नाही तर? सलग 15 दिवसांपेक्षा जास्त विनाकारण गैरहजर राहिलं, तर लेखी ताकीद देऊन मालक एक पैसा न देता काढू शकतो, असं कायदा सांगतो. म्हणजे सहा वर्षांचा हिशोब शून्य.

याच कायद्यात एक कलम आपल्या बहुतेक मुलींना माहीतच नसतं. लग्न झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा बाळंतपणापासून तीन महिन्यांत बाईने नोकरी सोडली, तर तिला पूर्ण रक्कम मिळते. दोन तृतीयांश नाही, पूर्ण. लग्नासाठी गावी येऊन परत न जाणारी मुलगी हा हक्क स्वतःच्या हाताने घालवते.

एक सावधगिरी मात्र हवी. तिकडे परदेशी माणसाचा करार मुदतीचा असतो. मुदतीच्या मध्येच योग्य कारणाशिवाय सोडलं तर शाळा भरपाई मागू शकते. म्हणून करार कधी संपतो, ती तारीख आधी बघा.

दुबई-अबुधाबीचं गणित वेगळं

यूएईत नवा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. नोटीस 30 ते 90 दिवसांची, करारात लिहिली असेल तशी. नोटीस दिली नाही तर तेवढ्या दिवसांचा पगार तुम्ही भरायचा. एक वर्ष पूर्ण झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा. नोकरी संपल्यावर 14 दिवसांत सगळे पैसे देणं मालकावर बंधनकारक आहे.

पण करार संपण्याआधी बेकायदा काम सोडून गेलेल्या परदेशी माणसाला एक वर्ष नवं वर्क परमिट मिळत नाही. सलग सात दिवसांपेक्षा जास्त विनाकारण गैरहजर राहिलं तर मालक नोटीस न देता काढू शकतो. आणि देशाबाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की साधारणपणे रेसिडेन्स व्हिसा आपोआप रद्द होतो. काही लोक मुद्दाम याचीच वाट बघतात, "सहा महिन्यांत आपोआप सुटेल" म्हणून. व्हिसा सुटतो, पण गैरहजेरीची नोंद सुटत नाही.

आणखी एक गोष्ट. व्हिसा रद्द करताना "माझे सगळे पैसे मिळाले" अशा कागदावर सही घेतली जाते. पैसे खात्यात येण्याआधी ही सही करू नका. एकदा सही झाली की पुढे भांडायला हातात फार काही उरत नाही.

नियम सैल झाले, पण कुणासाठी?

गेल्या काही वर्षांत गल्फचे नियम बरेच सैल झाले, हे खरं आहे. कतारने 2018 मध्ये बहुतेकांसाठी एक्झिट परमिट काढून टाकलं आणि 2020 मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या एनओसीची अट काढली. ओमानमध्ये एनओसी नसेल तर दोन वर्षं परत येता येत नसे, ती एनओसीची अट 1 जानेवारी 2021 पासून गेली. सौदीत 14 मार्च 2021 पासून खासगी नोकरीतला माणूस अबशीर ॲपवरून स्वतःच एक्झिट-रीएंट्री काढू शकतो. घरकामगार आणि ड्रायव्हर मात्र त्यात नव्हते.

या सगळ्या सवलतींत एक गोष्ट समान दिसते. सूट मिळाली ती करार पाळून, नोटीस देऊन जाणाऱ्याला. न सांगता गायब होणाऱ्याला फार थोडी मिळाली.

शिवाय वारं उलटंही फिरू शकतं. कुवेतने 1 जुलै 2025 पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसांना देश सोडण्याआधी मालकाची मंजुरी असलेलं एक्झिट परमिट सक्तीचं केलं. तिथल्या खासगी शाळेतल्या शिक्षकालाही ते लागतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी भाऊ कसा आला होता, यावर यंदाचा बेत आखू नका.

शिक्षकच जास्त का अडकतात?

एक कारण शाळेच्या वर्षाचं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिकडेही एप्रिलला सुरू होतात. म्हणजे जुलैची सुट्टी वर्षाच्या मध्ये येते. सप्टेंबरला वर्गावर बाई नाहीत म्हटल्यावर शाळा चिडणारच, आणि गैरहजेरी नोंदवणारच.

दुसरं कारण आपल्याकडचं. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. मजुराचा करार गल्फला जाताना सरकारी खात्याच्या नजरेखालून जातो, बीएड झालेल्या बाईंचा जात नाही. शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल असं सरकार धरून चालतं. पण करार इंग्रजी-अरबीत असतो आणि एजंट म्हणतो, "सही करा, सगळ्यांचं असंच असतं."

कर्ज मागे ठेवून आलात तर

तिकडच्या बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवून आलं की प्रकरण समुद्रापलीकडेच राहील, असा अनेकांचा समज आहे. तो आता चुकीचा आहे. 17 जानेवारी 2020 च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर यूएईच्या ठरावीक न्यायालयांचे पैशाचे निकाल भारतातल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतात. म्हणजे दुबईतला निकाल आपल्या जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत येऊ शकतो.

मग करायचं काय?

निघण्याआधी थोडी जरी शंका असेल की परत येणार नाही, तर शाळेशी तिथेच बोला. नोटीस ईमेलवर द्या, तोंडी नको. कराराची प्रत, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मोबाईलमध्ये ठेवा. अनुभवाचा दाखला घेऊनच निघा, पुढच्या नोकरीला तो लागतो. डिग्रीची मूळ प्रत शाळेकडे ठेवू नका. पासपोर्ट तर भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवायचा हक्क कुठल्याही शाळेला नाही. यूएईचा कायदाही मालकाला कागदपत्रं अडवू देत नाही.

गावी आल्यावर निर्णय बदलला असेल तरी वेळ गेलेली नसते. व्हिसाची मुदत आणि रजा संपली नसेल, तर शाळेला लगेच लेखी कळवा. शक्य असेल तर एकदा परत जाऊन नोटीस भरा आणि रीतसर निघा. तिकिटाचे पैसे जातील, पण आधीचा हिशोब बघितला तर ते कमीच आहेत. जाणं शक्यच नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथल्या ओळखीच्या माणसाला मुखत्यारपत्र देऊन थकलेल्या पैशांचा पाठपुरावा करता येतो. यूएईत असणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर आहे, 800 46342.

गावातून गल्फला जाताना आपण मुहूर्त बघतो, कागद तीनदा तपासतो, एजंटकडे दहा चकरा मारतो. येताना मात्र बॅग भरली की निघालो. येतानाचे कागदही तितकेच तपासा. कष्टाचे पैसे त्यांच्यावरच मिळतात, आणि उद्या पुन्हा जावंसं वाटलं तर वाटही त्यांच्यामुळेच उघडी राहते.