सायलेन्सर जप्त, विक्रेता मोकळा

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेला कामगार आणि पुणे-सातारा महामार्गावर बार काढीत जाणारा हौशी स्वार, या दोघांनाही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ एकच आहे. नोंदणीपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये, असे ते बजावते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणेच लावला. अपंगांसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे, हे उचितच.

कायद्याशी आमचा तंटा नाही. फाटक्या सायलेन्सरचा आवाज रात्रपाळी करून निजलेल्या श्रमिकालाच प्रथम छळतो. परंतु कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, तर नियमबाह्य बदल करून देणाऱ्या विक्रेत्याला वाहनामागे १ लाख रुपये दंड वा वर्षापर्यंत कैद आहे. (‘विक्रेता’ या व्याख्येत वाहनदुरुस्ती करणारेही येतात.) नाक्यावर पावती मात्र फाटते ती मालकाची, मग त्याने गाडी तशीच जुन्या बाजारातून का घेतलेली असेना! जप्त केलेला सायलेन्सर कोणी बसविला, कोठून आला, याची नोंद प्रत्येक कारवाईत झालीच पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी परिवहन कार्यालयापुढे मांडावी.