नटवर्यांचे मानापमान

नाट्यस्पर्धेची तारीख जाहीर झाली, की आमच्या मॉरिशसमधील मराठी मंडळांत एक विलक्षण चैतन्य संचारते. संहिता अद्याप हाती आलेली नसते, दिग्दर्शक ठरलेला नसतो. परंतु शिवाजी महाराज कोण होणार, याविषयी मात्र तीन मते आणि तीन उमेदवार सिद्ध असतात. संभाजीसाठी दोघे पुढे येतात. मावळा व्हावयास मात्र कोणीही राजी नसतो! अशा प्रयोगात महाराजांना एकट्यानेच गड सर करावा लागणार, हे उघड आहे.

एकदा भूमिका पदरात पडली, की साध्या गृहस्थाचा ‘नटवर्य’ होतो. तालमीला सर्वांच्या मागून येणे हा त्याचा पहिला नियम. भाषण पाठ करणे हे सामान्यांचे काम. चुकले तर दोष प्रॉम्प्टरचा. रंगमंचावर मातोश्री अंथरुणाला खिळलेल्या असल्या, तरी हा सुपुत्र त्यांच्याकडे पाठ करून प्रेक्षकांशीच बोलतो. मरणाच्या प्रवेशात तर त्याचा प्राण काही केल्या जात नाही. टाळ्या पडल्या की नाही, हे अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाहून तो पुन्हा एक वाक्य बोलतो आणि मग सावकाश देह ठेवतो. मुकुट पुठ्ठ्याचा असतो. पण प्रयोग संपल्यावर तो उतरवताना ज्या यातना होतात, त्या खऱ्या असतात.

हा रोग आजचा नाही. नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागात कथा आहे, की भरतमुनींच्या पुत्रांना आपल्या कलेचा गर्व झाला, त्यांनी ऋषींचीच थट्टा मांडली आणि शाप ओढवून घेतला. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे संगीत नाटकांचा काळ आला आणि ‘वन्समोर’ने एकेक प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागला. कथेतील नायिका विरहाने व्याकूळ झालेली असताना तेच पद पुन्हा म्हणावयास लावणारे कोण? आपणच! नट फुगतो खरा. पण त्यात वारा भरणारे खुर्च्यांवर बसलेले असतात.

तथापि, जे खरे थोर होते, त्यांचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग 1911 साली झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी निवर्तली होती, तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. पुढे 8 जुलै 1921 रोजी मुंबईत याच नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, तर केशवराव भोसले धैर्यधर. दोघांच्या नाटकमंडळ्या निरनिराळ्या, दोघांचे चाहते आपापल्या दैवतासाठी हमरीतुमरीवर येणारे. परंतु टिळक स्वराज्य फंडाचे कार्य समोर होते, म्हणून दोघे एकाच रंगमंचावर आले. मान त्यांनाही हवा होता; मात्र कार्य मानाहून मोठे आहे, हे त्यांना कळत होते.

आता आमचे कार्य कोणते? घरात क्रेओल, कचेरीत फ्रेंच वा इंग्रजी, अशा या बेटावर चारचौघांत मोठ्याने मराठी बोलावयाच्या जागा मोजक्याच उरल्या आहेत. रंगमंच ही त्यांतील एक. एखादी मुलगी चार वाक्यांची दासी होते. ती वाक्ये रोमन अक्षरांत लिहून घेते, आजीला अर्थ विचारते, रात्रभर घोकते. ती चार वाक्ये म्हणजे तिची आणि आजीची त्या वर्षातील सर्वांत मोठी मराठी भेट असते. आणि नटवर्य आपले स्वगत लांबावे म्हणून दिग्दर्शकाकडून तीच चार वाक्ये कापून घेतात! येथे मात्र आमचे हसू मावळते. नटवर्यांना टाळी अधिक मिळेल, हे खरे. पण ती मुलगी पुढील वर्षी येणार नाही.

झाकरीकडे पाहा. गाणारे-वाजविणारे मध्ये बसतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती फेर धरून नाचतात. फेऱ्याला पहिला नाही, शेवटचा नाही. एकाचे पाऊल चुकले तर सर्वांचा ताल जातो. कोकणातून आलेले आपले पूर्वज ही कला बरोबर घेऊन आले. तिच्यात नायकाची जागाच नाही.

कोणी म्हणेल, बिचाऱ्या नटाला एवढे का झोडपता? आम्हालाही त्याची हौस समजते. 1834 पासून करारबद्ध मजूर म्हणून जे जहाजांतून या बेटावर उतरले, त्यांची दप्तरात नोंद झाली ती क्रमांकासह. उसाच्या मळ्यावर हुकूम सरदाराचा चाले. मान वर करण्याची सोय नव्हती. अशा पणजोबांच्या पणतूला एक संध्याकाळ राजा व्हावेसे वाटले, पत्रिकेत आपले नाव ठळक छापलेले पाहावेसे वाटले, तर त्यात गैर ते काय? परंतु क्रमांक तर त्या जहाजातील प्रत्येकालाच मिळाला होता. मग नाव एकट्याचेच मोठे का?

म्हणून नाट्यमंडळांच्या चालकांना आमची सूचना एवढीच, की येत्या प्रयोगाच्या पत्रिकेत राजा आणि मावळा, राणी आणि दासी, पडदा ओढणारा आणि प्रॉम्प्टर, सर्वांची नावे एकाच टायपात छापावीत. आणि प्रेक्षकहो, त्या दासीने आपली चार वाक्ये न अडखळता म्हटली, तर पहिली टाळी तिला द्या. महाराजांना राग येईल, येऊ द्या. मुकुट उतरवल्यावर तेही आपल्यातच येऊन बसणार आहेत.