बांध एकाचा, पाणी सगळ्यांचं



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, लागणीचा हंगाम असल्या गोष्टी लिहितो. या खेपेला थोडं कडू लिहिणार आहोत.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्याचं काय झालं हे घरणी आणि मांजरेकाठच्या सभासदांना आम्ही सांगायला नको. सोयाबीन पाण्यात गेलं, ऊस आडवा झाला. त्याचे पंचनामे झाले, त्यावर सभा झाल्या. वरची माती गेली, तिच्याविषयी मात्र फारसं कुणी बोललं नाही. म्हणून हिशेब मांडतो. एक एकर रानावरची एक इंच माती म्हणजे सुमारे सव्वाशे टन. एकरी चाळीस टन ऊस धरला तर तीन वर्षं काट्यावर घातलेल्या उसाएवढं हे वजन. एवढा ऊस कुणी चोरून नेला असता तर गावात केवढा गलका झाला असता! ओढ्यानं माती नेली, तर आपण मान हलवतो आणि ‘ढगफुटी झाली, कोण काय करणार’ म्हणतो.

पाऊस आपल्या हातात नाही, कबूल. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकारी कागदावर अतिवृष्टी होते. तेवढ्या पावसाचं एका एकरावर पडणारं पाणी अडीच लाख लिटरच्या वर जातं. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तोवर ती पाणी पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की तिच्या पोटात पाणी फार हळू जातं. मग ते वरूनच धावतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती कापायची त्याची ताकद चौपट होते. तेव्हा खरा प्रश्न एवढाच, की धावणाऱ्या पाण्याला वाटेत कुठं थांबवलंय का?

१९७२ च्या दुष्काळात या भागात दुष्काळी कामांवर बांधबंदिस्ती झाली. आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, पाट्या वाहिल्या, तेव्हाचे ते बांध. आज त्यातले किती शिल्लक आहेत? ट्रॅक्टरला वळायला अडचण होते म्हणून काही मोडले. दोन सऱ्या जादा बसतात म्हणून काही दर साली नांगरानं थोडे थोडे कोरले. ओढ्याच्या काठावरचं गवत, निरगुडी, बाभळी काढून थेट कडेपर्यंत ऊस लावला. पहिल्या मोठ्या पाण्यात त्या दोन सऱ्या तर गेल्याच, वर काठ ढासळून आणखी चार गेल्या. पाचट जाळायची खोड वेगळीच. एकरी तीन-चार टन पाचट सरीत पसरून ठेवलं, तर पावसाच्या थेंबाचा मार त्यावर बसतो, मातीवर बसत नाही. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकलं की ते कुजतंही. हे आम्ही किती वर्षं सांगतो आहोत, आणि तोडणी उरकली की संध्याकाळी शिवारात धूर दिसतोच.

जुने बांध मोडले ते सगळे चांगलेच होते असंही आम्ही म्हणत नाही. भारी काळ्या रानात आडवा समतल बांध घातला की मागं पाणी तुंबतं, रान चिबडतं आणि शेवटी बांध फुटतो. अशा रानाला ढाळीचा बांध लागतो: शंभर फुटाला तीन-चार इंच उतार, शेवटी दगडी सांडवा आणि तिथून पाणी न्यायला गवताची वाट. बांधावर मारवेल किंवा वाळा लावावा.

आता खरी अडचण. तो सांडवा उघडतो कुठं? खालच्याच्या रानात. तिथून भांडण सुरू होतं. वरचा म्हणतो, माझं पाणी मी कुठं डोक्यावर घेऊ? खालचा चारी बुजवतो. मग तहसील, मोजणी, कधी कधी लाठ्या. एकानं आपल्या दोन एकरांत कितीही चांगले बांध घातले, तरी वरच्या वीस एकरांचं पाणी त्याच्यावर आलं की ते टिकत नाहीत. हे काम गट नंबरानं होत नाही. ते ओढ्यानं करावं लागतं, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं १९९६ पासून पाणलोटाचं काम असंच धरलं. तिथली द्राक्षं पाहायला आता लोक लांबून जातात. तेही मराठवाड्यातलंच गाव आहे.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं मदत जाहीर केली, तीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं असं सांगितलं होतं. या मदतीतून कुणी गाळ आणून टाकला असेल तर उत्तम. धरणात बसलेला गाळ म्हणजे वरच्या शिवारांतूनच गेलेली माती. ट्रॅक्टरचं भाडं भरून आपण ती परत आणतो. पण ज्या वाटेनं ती गेली ती वाट उघडीच ठेवली, तर हे भाडं दर दोन-चार सालांनी भरावं लागेल.

आमचं मत असं, की ओढ्याच्या काठापासून दहा फूट रान ऊस न लावता गवताला सोडावं. कारखान्यानं ऊस नोंदीच्या वेळीच ते लिहून घ्यावं, आणि जो सोडणार नाही त्याला बेणे उधारी देऊ नये. हे अनेकांना रुचणार नाही. चिटबॉय नोंदीला आला की शिव्या त्यालाच बसतील, हेही आम्ही जाणतो. त्यात एक रास्त तक्रार आहे: तीनशे फूट काठ असला तर पावणेतीन गुंठे जातात, आणि एक-दीड एकरवाल्याला ते परवडत नाही. सगळ्या शिवाराच्या पाण्याचा भार त्या एकट्यानं का सोसावा? त्याचं नुकसान वरच्यांनी आणि कारखान्यानं मिळून भरावं. वैरण होईल, पण तेवढ्यावर भागायचं नाही. संचालक मंडळानं यावर येत्या वार्षिक सभेत ठराव आणावा आणि सभासदांनी हात वर करण्याआधी त्यावर भांडावं.

एका ओढ्यावरचे सगळे सभासद, माथ्यावरचा आणि काठावरचा दोघेही, एकत्र सही करून गट ऑफिसला अर्ज देतील, तर लेव्हल लावून ढाळ काढून द्यायचं काम शेतकी खातं करील. एकट्याच्या अर्जावर आम्ही येणार नाही. काम मृगाच्या आत उरकायचं, तर अर्ज होळीपर्यंत हातात पाहिजेत.

— ऊस विकास अधिकारी