ब्रेक-इव्हन वांद्र्यात शिकलं, काजूच्या कारखान्यात का सुचत नाही?

वांद्रे : पूर्वेला चेतना, पश्चिमेला नॅशनल, एमएमके आणि सेंट अँड्र्यूज. वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालवणारी ही महाविद्यालयं, आणि तिथून रिक्षाच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुल, जिथे सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची मुख्यालयं आहेत. गावाकडचं पोरगं मावशीकडे किंवा होस्टेलवर राहून इथे शिकतं, तेव्हा घरच्यांचा हिशेब साधा असतो : डिग्री घेऊन आलं की धंद्याची अक्कल येईल. प्रत्यक्षात तसं आपोआप होत नाही.

हा प्रश्न फक्त मुंबईत शिकणाऱ्यांचा नाही. मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र पालघर, रायगडपासून रत्नागिरी, सिंधुदुर्गपर्यंत आहे. स्वायत्त महाविद्यालयं सोडली तर वांद्र्याच्या वर्गातला विद्यापीठाचा अभ्यासक्रम कणकवली-लांज्याच्या वर्गातही चालतो.

गणित एकच, दुकान वेगळं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. स्टेशनजवळ वडापावच्या गाळ्याचं भाडं महिना ३०,००० रुपये आणि एका वड्यामागे सुटतात ५ रुपये. म्हणजे महिन्याला ६,००० वडे, दिवसाला २०० विकले तर ना नफा ना तोटा. याला पुस्तकात ब्रेक-इव्हन म्हणतात, आणि परीक्षेत हे गणित बहुतेकांना सुटतं.

आता काजूचा छोटा कारखाना. ठरलेला खर्च महिना ६०,०००, किलोमागे सुटतात १२० रुपये. उत्तर ५०० किलो. गणित तेच आहे, पण ‘हे तेच गणित आहे’ हे कोणी सांगितलं नाही, तर अनेकांना सुचत नाही. त्याच्या पुढची पायरी आणखी अवघड आहे. वडे रोज तळता येतात, काजू बी मात्र हंगामात घेऊन ठेवावी लागते. म्हणजे वर्षभराचं भांडवल आधीच अडकतं आणि त्यावर व्याज चढतं. सूत्र कुठे लागू पडतं आणि कुठे कमी पडतं, हे ओळखणं हेच खरं शिक्षण.

संशोधन काय सांगतं?

एका विषयात घासून घेतलं की बुद्धी सगळीकडे धावते, या समजाला एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच धक्का दिला होता. पुढे १९९९ मध्ये लोवेनस्टीन, थॉम्प्सन आणि गेंटनर यांनी अमेरिकेत व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. सगळ्यांना वाटाघाटीची तीच दोन प्रकरणं दिली. काहींनी ती सुटी सुटी वाचली, काहींना दोन्हींची तुलना करायला लावली. नंतरच्या वाटाघाटीत तुलना केलेल्यांनी शिकलेली युक्ती वापरण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं.

ती युक्ती अशी : पुढे काय होईल यावर दोघांचं एकमत नसेल, तर वाद घालू नका, जे घडेल त्यानुसार पैसे ठरवा. आंब्याची कलमं कराराने देणाऱ्या बागायतदाराला हे लगेच कळेल. ‘अमुक पेट्यांच्या वर माल निघाला तर पेटीमागे जादा रक्कम’ असं करारात लिहिलं, की मोहोर कसा येईल यावर घासाघीस करावी लागत नाही.

संधी कागदावरच राहू नये

२०२४-२५ पासून पदवीला लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्याच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्क उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना क्रेडिट आहेत. दिशा योग्य आहे. पण ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून फाइल जमा केली, तर क्रेडिट मिळेल, शिकणं होणार नाही. विद्यार्थी कामाला गेला हे पुरेसं नाही. परत आल्यावर वर्गात त्या अनुभवाची दुसऱ्या धंद्याशी तुलना व्हायला हवी. त्यासाठी प्राध्यापकाला वेळ हवा आणि परीक्षेत अनोळखी प्रसंगावरचा प्रश्न हवा. गाइडमधलंच उदाहरण आकडे बदलून आलं, तर मुलं पाठांतरच करणार. त्यात त्यांचा दोष नाही.

याच २०२४-२५ मध्ये बीएमएस, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले, राज्यात त्यांना सीईटी आली आणि काही महाविद्यालयांनी बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) सुरू केलं. पालकांची चर्चा मग डिग्रीच्या नावाभोवतीच फिरत राहिली.

प्रवेश घेताना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गेल्या वर्षीचा एखादा प्रोजेक्ट बघायला मिळेल का? प्रशिक्षणानंतर वर्गात चर्चा होते का? आणि मुलगी सुट्टीत घरी आली की तिच्यासमोर घरच्या धंद्याची वही ठेवावी : ‘काहीच विकलं नाही तरी आपला कुठला खर्च चालूच राहतो, ते शोध.’ या एका प्रश्नावर ती कुठून सुरुवात करते, त्यावरून फी सार्थकी लागतेय का, याचा अंदाज मार्कशीटपेक्षा लवकर येईल.