मूल वाचते का, हे घराला कळायला हवे

15 ऑक्टोबर हा भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन. 2015 पासून महाराष्ट्रातील शाळा तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा करतात. रामेश्वरमच्या गल्ल्यांत लहानपणी वर्तमानपत्रे वाटणारा एक मुस्लिम मुलगा पुढे शास्त्रज्ञ आणि राष्ट्रपती झाला. त्याच्या नावाने मुलांच्या हातात पुस्तक यावे, याहून चांगली आठवण कोणती? त्या दिवशी मुले गोष्टीची पुस्तके घेऊन ओळीने बसतात. बाई फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येतात. आपण ‘माशाअल्लाह’ लिहितो आणि कामाला लागतो.

पण मुलाच्या हातातले पुस्तक त्याला वाचता येते का, हे काही फोटोत दिसत नाही.

आम्हाला वाटते, प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या आईवडिलांनी या दिवसाच्या निमित्ताने हाच एक प्रश्न स्वतःला विचारावा. पहिली ते तिसरी ही वर्षे वाचायला शिकण्याची आहेत. त्यानंतर वाचून शिकायचे असते. परिसर अभ्यासाचा धडा असो की गणितातले शाब्दिक उदाहरण, ओळ वाचून समजली नाही तर पुढचे सगळे अडते. केंद्र सरकारच्या 2021 च्या ‘निपुण भारत’ अभियानानेही तिसरीच्या अखेरीचे उद्दिष्ट स्पष्ट ठरवले आहे: मुलाने वयाला साजेसा, आधी न पाहिलेला मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा.

यात ‘आधी न पाहिलेला’ हे शब्द महत्त्वाचे. मुले हुशार असतात. वर्गात पुन्हा पुन्हा ऐकलेला धडा त्यांना पाठ होतो. पुस्तक उघडून, ओळीवर बोट फिरवत ती धडा घडाघडा म्हणून दाखवतात आणि अम्मी खूश होते. हे मुलाचे खोटे बोलणे नव्हे. त्याला स्वतःलाही तेच वाचन वाटत असते. चौथीपर्यंत कोणाला मागे ठेवले जात नाही, त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षे झाकलेली राहते.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. मूल मकतबमध्ये कुरआन नाजरा शिकते. तिथे हर्फ ओळखणे, उच्चार नीट करणे, अदबीने पढणे यावर भर असतो. कान आणि नजर दोन्ही तयार होतात. ही मोठी कमाई आहे. मात्र अरबी ही आपली बोलीभाषा नसल्याने पढताना अर्थ सोबत येतोच असे नाही. शाळेतल्या वाचनात तो यावाच लागतो. त्यात घरी दखनी, उर्दू किंवा कोकणी आणि शाळेत मराठी, असे असेल तर अक्षरे जुळतात पण शब्द अनोळखी राहतात. मूल ‘ओसरी’ बिनचूक वाचेल, पण ओसरी म्हणजे काय ते सांगू शकणार नाही. अशा वेळी त्याला मठ्ठ समजू नका. अर्थ घरच्या बोलीत सांगा. तो एकदा कळला की मराठी शब्दही त्याचा होतो.

हे सगळे घराला कळायचे कसे? कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. काही शाळांत या समितीचे काम सल्ला देण्याचे आहे, तरी सल्ला द्यायलाही कोणी जायला हवे.

अडचण बहुधा इथेच येते. व्हॉट्सॲप गटात नंबर अब्बांचा, आणि अब्बा कामावर, नाहीतर आखातात. मुलाला रोज शाळेत पाठवणाऱ्या अम्मीला सभेची खबर शेजारणीकडून मिळते. म्हणून पहिले काम हे, की आईचा नंबर गटात घालून घ्या. तिला मराठी वाचता येत नसेल तर बाईंना बोलून निरोप पाठवायला सांगा. सभा जुम्याच्या नमाजच्या वेळी ठेवली असेल तर वेळ बदलण्याची विनंती करा. सरळ शब्दांत सांगितले तर शिक्षक सहसा ऐकतात.

सभेत केवळ ‘कसा आहे अभ्यासात?’ असे विचारू नका. ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: न पाहिलेला उतारा तो वाचतो का? कुठे अडतो, जोडाक्षरांत की अर्थात? घरी आम्ही रोज काय करावे? शाळेच्या ग्रंथालयातून त्याला पुस्तक घरी मिळते का, हेही विचारा. वाचन दिनाला आईवडिलांना बोलवावे आणि प्रत्येक मुलाने आपल्या माणसाला एक पान वाचून दाखवावे, असेही सुचवा. त्याला खर्च काही येत नाही.

आणि घरी? मगरिबनंतर दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलाने एक नवे पान मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. प्रत्येक चुकीला टोकू नका. पान संपल्यावर एवढेच विचारा, ‘काय झाले यात?’ मुलाने आपल्या बोलीत सांगितले तरी चालेल. कधी शाळेत न गेलेल्या दादीलाही हा प्रश्न विचारता येतो, आणि दादीला गोष्ट समजावून सांगणारे मूल आपण काय वाचले ते कधी विसरत नाही.

आपल्या दीनमध्ये पहिली वह्य वाचण्याच्या हुकुमाने सुरू झाली. त्या उम्मतच्या घरात मूल तिसरीत पोहोचले आणि त्याला वाचता येते की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, असे होऊ नये. यंदा 15 ऑक्टोबरला फोटो जरूर पाहा. मग मुलाला जवळ बसवा आणि त्याचे एक पान ऐका.