निदानाची मजुरी

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकातून एक रस्ता दिघीमार्गे आळंदीला जातो, दुसरा धानोरीकडे वळतो. या बाजूला वस्ती वाढली तशा गाड्या वाढल्या आणि गाड्यांच्या मागोमाग गॅरेजेही आली. तरीही येथे नव्याने राहायला आलेला माणूस सोसायटीत हमखास विचारतो, "विश्वासातला मेकॅनिक कोण आहे?" उत्तर मिळते ते ओळखीवर आणि ऐकीव अनुभवावर. हाकेच्या अंतरावर गॅरेजे असताना हा प्रश्न सुटत का नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

काही वस्तू घेण्याआधीच पारखता येतात, काहींची पारख वापरल्यावर होते. तिसरा वर्ग असा, की सेवा घेऊन झाली तरी ती खरोखर गरजेची होती का, हे ग्राहकाला कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या वर्गाची मांडणी केली. त्याला मराठीत 'विश्वासावर घ्यावयाच्या सेवा' म्हणता येईल. अशा सेवेत काय बिघडले हे सांगणारा आणि ते दुरुस्त करून पैसे घेणारा माणूस एकच असतो. वाहनदुरुस्ती नेमकी या वर्गात बसते.

एक साधे उदाहरण घेऊ. स्कूटर सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. कारण स्पार्क प्लग असू शकतो, बॅटरीचे सैल टर्मिनल असू शकते, थ्रॉटल बॉडीत म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या झडपेच्या भागात साचलेली काजळी असू शकते किंवा पेट्रोल ओढणारा पंप असू शकतो. गॅरेजमध्ये पंप बदलला, काजळीही पुसली गेली आणि गाडी सुरळीत चालू लागली. ग्राहक समाधानाने पैसे देतो. नुसत्या साफसफाईने काम भागले असते का, हे त्याला कधीच कळणार नाही, कारण गाडी तर चालते आहे.

आता गॅरेजचे उत्पन्न पाहू. ते मुख्यतः दोन वाटांनी येते: मजुरी आणि सुट्या भागांवरचा नफा. पुण्यात नाना पेठेसारख्या बाजारातून गॅरेजवाल्याला पार्ट सवलतीत मिळतो आणि छापील किमतीपर्यंतचा फरक त्याच्याकडे राहतो. ग्राहक छापील किमतीशी वाद घालत नाही, मजुरीवर मात्र घासाघीस करतो. दोष शोधण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे मागितले, तर "नुसते बघायचे कसले पैसे?" असे ऐकावे लागते. साहजिकच दहा मिनिटांत पार्ट बदलणे परवडते आणि तासभर डोके लावून पार्ट वाचवणे परवडत नाही. भाडे, पगार आणि यंत्रसामग्रीचा खर्च डोक्यावर असलेले कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटरही या हिशेबातून सुटलेले नाही.

त्यातच तंत्रज्ञान बदलले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि दुचाकींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. म्हणजे किती इंधन सोडायचे, हे सेन्सरच्या माहितीवरून एक छोटा संगणक ठरवू लागला. पूर्वी मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखत असे. आता त्या कानाच्या जोडीला स्कॅनर लागतो आणि स्कॅनरवर उमटलेल्या सांकेतिक क्रमांकाचा अर्थ लावणारी माहितीही लागते.

ही माहिती कोणाकडे असावी, यावर देशात एक महत्त्वाचा निकाल झाला आहे. २०११ मध्ये होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार आली. चौकशीची कक्षा पुढे इतर मोटार कंपन्यांपर्यंत वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने टाटा, मारुती, महिंद्र यांच्यासह १४ कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देऊन कंपन्यांनी स्पर्धेला अटकाव केला, असे आयोगाचे म्हणणे होते. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. दंडाचा वाद अपिलांत आणि न्यायालयांत गेला. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने संकेतस्थळ सुरू केले आणि त्यातही वाहनक्षेत्राचा समावेश केला.

भरवशाच्या दुरुस्तीचा हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. रिक्षा, टेम्पो यांसारख्या व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. बोलीभाषेत त्यालाच 'पासिंग' म्हणतात. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी होते. मधल्या काळात तिचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायर तपासायला आरटीओ बोलावत नाही. पीयूसी चाचणी मोजते ती फक्त धूर. म्हणजे आळंदी रस्त्यावरून, फुलेनगरच्या आरटीओ कार्यालयासमोरून, रोज जाणाऱ्या खासगी गाड्यांचा पंधरा वर्षांतला एकमेव तपासनीस मेकॅनिकच असतो. त्याने झिजलेला ब्रेक शू नजरेआड केला, तर किंमत मोजणारा रस्त्यावरचा तिसराच कोणी असू शकतो.

कायद्याची थोडी मदत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष सेवेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्राथमिक मदत मिळते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच उभी केली, तरी या शहरातले कितीतरी ग्राहक दुरुस्तीचा हिशेब कागदाच्या चिठोऱ्यावर घेऊन येतात. बिल नसेल, तर तक्रारीला आधार उरत नाही.

या सगळ्यावरून एक गोष्ट दिसते. मेकॅनिकच्या चारित्र्याची चर्चा आपण पुष्कळ करतो, त्याच्या कमाईच्या रचनेची करत नाही. डॉक्टर तपासण्याची फी घेतो आणि औषध दुकानातून घ्यायला सांगतो. औषध लिहिले नाही तरी फी बुडत नाही. गॅरेजमध्ये मात्र तपासणी फुकट आणि कमाई पार्टवर, अशी व्यवस्था आपणच रूढ केली आहे. 'पार्ट बदलायची गरज नाही' असे सांगणाऱ्याला त्या वाक्याचे पैसे मिळत नसतील, तर ते वाक्य वारंवार ऐकू येण्याची अपेक्षा कशी धरावी?

म्हणून ग्राहकाने निदानाची मजुरी वेगळी द्यावी आणि ती घासाघीस न करता द्यावी. तिच्या बदल्यात कामाआधी लेखी अंदाज, काढलेला जुना पार्ट आणि नव्या पार्टचे नाव व किंमत असलेले बिल हक्काने मागावे. परिसरातल्या गॅरेजवाल्यांनीही मजुरीच्या दरफलकावर पहिली ओळ तपासणी शुल्काची लिहावी. आज प्रामाणिक मेकॅनिकला प्रामाणिकपणा स्वतःच्या खिशातून पोसावा लागतो. तो खर्च बिलात उघडपणे आला, तर त्याचा धंदा टिकेल आणि ग्राहकालाही ओळखीपाळखीशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवता येईल.