स्कोअर माहीत नसण्याचा हक्क

मुंबईच्या उपनगरात राहून क्रिकेटचं वेड नसलेल्या माणसावर तीन आरोप ठरलेले असतात. त्याला देशाचं काही नाही, त्याला खेळातलं काही कळत नाही आणि तो चार माणसांत मिसळत नाही. मुलुंडमध्ये राहून मी हे तिन्ही ऐकत आलो आहे, बहुतेकदा आपुलकीने केलेले. तरीही त्यांचा प्रतिवाद करायलाच हवा. मोठी माणसं ऐकून सोडून देतात. पण बिल्डिंगखाली अंडरआर्म रंगात आलेलं असताना गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे आरोप खरे वाटू लागतात.

देशप्रेमाचा आरोप सगळ्यात जड, म्हणून आधी तो घेतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री अहमदाबादला भारत ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषकाचा अंतिम सामना हरला आणि आमच्या मजल्यावर सुतक आल्यासारखं झालं. ‘तुम्हाला खरंच काही वाटत नाही?’ असं एका शेजाऱ्यांनी कळवळून विचारलं. वाटतं, मन लावून खेळून हरलेल्या अकरा माणसांबद्दल वाटतं. देश हरला असं मात्र वाटत नाही, कारण तो हरलेला नसतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही तमिळनाडूच्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी आहे. २००५ साली झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवलं की राज्यघटनेच्या बाराव्या कलमाच्या अर्थाने हे मंडळ ‘राज्य’ नाही. मंडळ काही सार्वजनिक स्वरूपाची कामं करतं हे न्यायालयानेही मानलं, आणि ते रास्तच आहे. पण जे मंडळ कायद्याने सरकारी यंत्रणेचा भाग नाही, त्याच्या संघाच्या धावफलकावर माझी देशनिष्ठा कोणी का मोजावी? मी कर भरतो, मतदानाला रांगेत उभा राहतो. निष्ठा तिथे तपासा.

खेळातलं कळत नाही, हा दुसरा आरोप. इथे मला चाहत्यांनाच काही विचारायचं आहे. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात मुंबई सिटी हा फुटबॉल संघ आपले घरचे सामने खेळतो. ४ मे २०२४ रोजी या संघाने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. आमच्या भागात तेव्हा एकही फटाका मी ऐकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सकाळच्या फास्ट लोकलच्या डब्यात ही दोन नावं किती जणांना सांगता येतील? आपल्याकडे जे उतू जातं ते एका खेळाचं प्रेम आहे. ते जरूर असावं, पण त्याला खेळाचं प्रेम म्हणून बाकीच्यांना अरसिक ठरवू नये.

तिसरा आरोप करणाऱ्यांची बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत गुजराती, मराठी, तमिळ कुटुंबं एकाच टीव्हीसमोर बसतात, एरवी एकमेकांच्या घरी न जाणारे लोक मिठी मारतात. हे मी पाहिलं आहे आणि ते चांगलं आहे. पण ‘क्रिकेट माणसं जोडतं’ हे विधान याच शहराच्या इतिहासाला पुरतं मानवत नाही. मुंबईची सगळ्यात लोकप्रिय स्पर्धा कधी काळी धर्मावर बेतलेली होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘रेस्ट’, असे पाच संघ. तुडुंब गर्दी लोटायची. त्या हिंदू संघात पालवणकर बाळूंसारखा अव्वल गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेला हा माणूस दलित होता, म्हणून त्याला कर्णधारपद कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा क्रिकेटचे शौकीन म्हणून कधीच न ओळखल्या गेलेल्या या माणसाने धर्मवार संघांना उघड नापसंती दर्शवली. स्पर्धा पुढेही काही वर्षं चालली आणि १९४६ मध्ये बंद झाली. खेळावर जीव असलेल्यांनीही तिला विरोध केला होता, हे विसरून चालणार नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द तेव्हा मोलाचा ठरला.

गर्दीचंही तसंच. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाला पाहायला उपनगरांतून लोकल भरभरून मरीन ड्राइव्हला गेल्या. काही जण जखमी झाले, त्यावर निभावलं. अकरा महिन्यांनी बंगळुरूत अशाच जल्लोषात अकरा जीव गेले. दोष चाहत्यांचा नव्हता, नियोजनाचा होता. पण त्या दिवशी घरी थांबलेल्याला माणूसघाणा म्हणताना हेही आठवावं.

आता माझी बाजू. उदासीन माणसाचं लक्ष रिकामं नसतं, ते दुसरीकडे असतं. मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी नाटकाचा प्रयोग लावायला निर्माते कचरतात. मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये अशा संध्याकाळी जे थोडे प्रेक्षक येतात, त्यांच्यावर तो प्रयोग उभा राहतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी पहाटे पक्षी पाहायला जाणारे, सामन्याच्या वेळी रुग्णालयात पाळी करणारे, घरात आजारी माणसाजवळ बसणारे, हे सगळे या शहराचेच आहेत. आणखी एक गोष्ट मला फार खटकते. बाईला क्रिकेट आवडत नसलं तर ते स्वाभाविक धरलं जातं, सामना चालू असताना चहा तिनेच करायचा असतो; पुरुषाला आवडत नसलं तर मात्र ते व्यंग ठरतं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकून यातल्या पहिल्या समजुतीला जोरदार धक्का दिला. दुसरी अजून तशीच आहे, आणि मुलगे ती सोसतात.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. अंतिम सामन्याला गच्चीवर पडदा लावावा, त्याची वर्गणी मीही देईन. त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचा हॉल उघडा ठेवावा, कॅरम, पुस्तकं, पेटी, ज्याला जे हवं त्याच्यासाठी. आणि खाली बसलेल्या मुलाला ‘वर का नाही आलास’ असं कोणी विचारू नये.